नटाला भाव मागू नका, काम द्या: कोकणात चित्रीकरण करणाऱ्या नव्या दिग्दर्शकांसाठी

"जरा अजून दुःख हवंय," असं दिग्दर्शकाने म्हटलं की नट भुवया आखडतो, आवाज खाली आणतो आणि दुःखाचं सोंग करून दाखवतो. चूक त्याची नाही. भाव कामाच्या ओघात येतो, मागून येत नाही. नटाला द्यायचं ते समोरच्या माणसावर करायचं काम: त्याला अडव, चुचकार, टोच, पिटाळ, त्याच्याकडून कबूल करून घे. रशियन रंगकर्मी कॉन्स्तंतीन स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांनी बसवलेल्या अभिनयपद्धतीचा गाभा हाच आहे. पात्र कुठल्या परिस्थितीत आहे आणि त्याला आत्ता काय मिळवायचंय, एवढं नटाला पक्कं ठाऊक असलं की बाकीचं त्याच्या अंगातून येतं. ते 'काय मिळवायचंय' ठरवणं हे दिग्दर्शकाचं निम्मं काम. ते करायला नटाला निवांत जागा आणि वेळ मिळवून देणं हे उरलेलं निम्मं, आणि किनाऱ्यावर हेच जास्त दमवतं.

इथे एकच प्रसंग धरून चालू. देवगडच्या बाजूचं कौलारू घर. शिमग्याला आलेला चाकरमानी मुलगा उद्या मुंबईला परत निघणार आहे. त्याला हापूसची बाग विकायची आहे. आई पडवीत विळीवर नारळ खवते आहे. कागदावर हा प्रसंग दोन पानांचा, म्हणजे पडद्यावर साधारण दोन मिनिटांचा.

कागदावरची तयारी

वाचनाला बसण्याआधी प्रत्येक पात्रासाठी तीन ओळी लिहा: समोरच्याकडून काय हवंय, ते मिळायला आडवं काय येतंय, आणि प्रसंग सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी काय घडलं. मुलाला आईच्या तोंडून 'हो' हवं आहे. आईला विषयच निघू द्यायचा नाही, पण मुलगा रागावून गेलेलाही नको आहे. ही दोन कामं एकमेकांवर आपटतात, म्हणून प्रसंग उभा राहतो. आईचं काम नुसतं 'तिला वाईट वाटतंय' असं लिहिलंत तर नटीच्या हाताला काहीच लागत नाही.

मग संवादांवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा. जिथे पात्र एक डाव सोडून दुसरा धरतं तिथे रेघ. दोन पानांत अशा तीन ते पाच जागा निघतात. प्रत्येक तुकड्यापुढे एक क्रियापद लिहा. मुलगा आधी खडा टाकून बघतो, मग हिशेब समजावतो, मग गयावया करतो, शेवटी डिवचतो. सगळ्या तुकड्यांपुढे तेच क्रियापद येत असेल तर दोष संहितेत आहे. तो नटाच्या माथी मारू नका, लेखकाला परत बसवा.

ही क्रियापदं नटाला वाचून दाखवायची नसतात. ती तुमच्या वहीत राहतात आणि नट अडला की उपयोगी पडतात.

निवड

कोकणात काम करताना बहुधा तीन तऱ्हांची माणसं एकाच चौकटीत येतात: मुंबई-पुण्याकडचे पडद्याला सरावलेले नट, दशावतार किंवा नमन-खेळे या कोकणातल्या लोकनाट्यांत मुरलेले कलाकार, आणि कधीच अभिनय न केलेली गावची माणसं. चाचणी तिघांची वेगवेगळी घ्यायला हवी, पण एक कसोटी सगळ्यांना लागू पडते. पहिल्या वेळी जे येईल ते येऊ द्या. दुसऱ्यांदा अगदी उलट काम सांगा: "मघाशी तू त्याला थांबवत होतीस, आता त्याला हाकलून काढ." काम बदललं की वाचनही बदलतं का, ते बघा. पहिल्यांदा उत्तम आणि दुसऱ्यांदा हुबेहूब तसंच करणाऱ्या नटापेक्षा पहिल्यांदा अडखळून दुसऱ्यांदा बदललेला नट सेटवर जास्त साथ देतो.

बोली

कोकणात एकच बोली नाही. मालवणी सिंधुदुर्गाची, संगमेश्वरी रत्नागिरी जिल्ह्यातली, आणि दोन्हींचे हेल निराळे. आई मालवणी आणि मुलगा संगमेश्वरी बोलला तर इथला प्रेक्षक पहिल्याच वाक्याला उठून जातो. ज्या गावात गोष्ट घडते त्याच गावचं माणूस बोलीसाठी धरा आणि सगळे संवाद मोबाइलवर त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून नटाला द्या. मात्र ते सपाट, अभिनय न करता, नेहमीच्या वेगात वाचायला सांगा. त्याने अभिनय करून वाचलं तर नट बोलीबरोबर तो अभिनयही पाठ करतो, आणि पुढे कितीही सूचना दिल्या तरी ती चाल सुटत नाही. पडद्याला सरावलेल्या नटाला हे रेकॉर्डिंग किमान तीन आठवडे आधी मिळायला हवं.

"आये, बागेचा काय करूचा?" या ओळीत जीव आहे तो 'आये'नंतरच्या दमात. मुंबईचा नट ती ओळ एका श्वासात म्हणून टाकतो, कारण त्याचं सगळं लक्ष 'करूचा' नीट उच्चारण्याकडे असतं. बोली जिभेवर बसेपर्यंत प्रसंगाची तालीम घेऊ नका. दोन्ही ओझी एकदम पेलत नाहीत.

दशावतारातला कलाकार कॅमेऱ्यासमोर

याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कोणतं आणि कोण कोणत्या भूमिकेत एवढं ठरतं, आणि कलाकार रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतो. तो रात्रभर, मोकळ्या आवारात, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवतो आणि समोर बसलेल्या लोकांकडे बघून बोलतो. स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. इतकी तयारी असलेला माणूस सेटवर आला की त्याला पहिली सूचना मिळते ती "कमी करा, नाटकी वाटतंय" ही. तो गप्प होतो, आणि त्याच्याकडून जे मिळण्यासारखं होतं ते तिथेच संपतं.

आवाज कमी करायला सांगू नका, आवाज कमी होईल असं कारण द्या. "आत माजघरात नात झोपली आहे, तिला उठवायचं नाही." समोरच्या नटाला दोन पावलं जवळ आणा. आवाज आपोआप उतरतो आणि बोलण्यातली धार तशीच राहते. नजर प्रेक्षकांकडे जाते त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यामागची गर्दी हटवणं. मॉनिटरभोवती दहा माणसं उभी असतील तर रात्र रात्र लोकांसमोर उभा राहिलेला कलाकार त्यांच्यासाठी खेळणारच.

संवाद दर वेळी बदलतात, ही खरी अडचण, कारण तुकडे जोडताना शब्द जुळत नाहीत. पाठांतर लादू नका. त्याला प्रसंग सांगा, काम सांगा आणि तालमीत तीन-चार वेळा आपल्या शब्दांत करू द्या. कंटिन्युइटी (एका टेकमधलं दुसऱ्याशी जुळतंय का ते) बघणाऱ्या सहायकाने त्यातला उत्तम प्रयत्न शब्दन् शब्द उतरवून घ्यावा. तीच संहिता. स्वतःच रचलेले शब्द त्याला लगेच लक्षात राहतात. दुसरा कॅमेरा परवडत असेल तर तो याच प्रसंगांना वापरा. दोघांच्या चेहऱ्यांवर एकदम कॅमेरा असला की शब्द बदलले तरी जोड बसते.

जत्रांचा हंगाम त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात कलाकार पहाटे घरी येतो. सकाळी सातची वेळ दिलीत तर तो येईल, पण डोळे लाल आणि आवाज बसलेला. त्याचे प्रसंग दुपारी दोननंतर लावा. आणि संबोधन जपा. युनिटमध्ये सगळ्यांना 'तू' म्हणायची सवय असते. साठीच्या बुवांना कुणा सहायकाने 'तू इथे उभा राहा' म्हटलं की त्या दिवसाचं काम गेलं म्हणून समजा.

गावच्या नवख्या माणसांना संहिता दाखवूच नका. ते रोज जे करतात तेच हाताला द्या: जाळं विणणं, सुपारी कातरणं, सुकत घातलेलं परतणं. क्लॅप (टेकचा क्रमांक दाखवणारी पाटी) टेकच्या शेवटी उलटा धरून द्या आणि 'अॅक्शन' न ओरडता हाताने खूण करा. ती आरोळी ऐकली की माणूस ताठ होतो.

तालीम

अमेरिकी दिग्दर्शक सिडनी लुमेट चित्रीकरणाआधी साधारण दोन आठवडे तालीम घेत. पाच दिवसांच्या लघुपटाला तेवढं जमणार नाही, पण दोन वाचनं आणि तीन-चार तालमी यांच्या खाली येऊ नका. पहिलं वाचन सगळ्यांनी बसून, अभिनय न करता. त्यात दिग्दर्शकाने बोलायचं कमी आणि प्रश्न विचारायचे जास्त: "बाग विकून पैसे आले तर तू नक्की काय करणार?" उत्तर नटाला शोधू द्या. शेवटची तालीम खऱ्या जागी, चित्रीकरणाच्याच वेळी घ्या. रडण्याचा किंवा फुटून बोलण्याचा क्षण तालमीत पूर्ण ताकदीने करून घेऊ नका. त्या जागेपर्यंत या आणि थांबा.

मारहाण, अंगाला हात लावणं, जवळीक असे प्रसंग असतील तर कुठे स्पर्श होणार, किती वेळ, कोण हजर असणार हे नटांशी आधीच बोलून ठरवा आणि सेटवर त्यात काडीचाही बदल करू नका. 'अचानक केलं की खरं येतं' हा समज धोक्याचा आहे. एकदा विश्वास गेला की नट पुढचे सगळे दिवस सावध राहून काम करतो.

सेटवरचा क्रम आणि विळीवरचा नारळ

सेटवर आधी फक्त नट आणि दिग्दर्शक. वीस-पंचवीस मिनिटं बाकी सगळ्यांना खळ्याबाहेर, म्हणजे अंगणाबाहेर, चहाला पाठवा आणि हालचाली बसवा. मग कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक यांना बोलावून तेच दाखवा आणि जमिनीवर टेपच्या खुणा करा. मग नट मेकअपला जातात, त्यांच्या जागी कुणाला तरी उभं करून प्रकाश लावतात. मग कॅमेऱ्यासह एक तालीम, आणि टेक. हा क्रम उलटला, म्हणजे आधी लाइट लागले, की नटाला दिव्यांच्या सोयीने फिरावं लागतं आणि आई पडवीच्या भलत्याच कोपऱ्यात बसून नारळ खवते.

आता नारळाकडे या. मास्टर शॉटचे (सगळा प्रसंग एका चौकटीत घेणाऱ्या शॉटचे) पाच टेक, आईच्या क्लोजअपचे पाच. प्रत्येक टेक नव्या वाटीने सुरू व्हायचा, म्हणजे दहा वाट्या, पाच नारळ. तालीम आणि खराब निघालेले धरून आठ आणा. सोलून ठेवा, पण फोडायचे ऐन वेळी. आधी फोडले तर कडा सुकून रंग बदलतो. टेकच्या मधूनच सुरुवात करायची झाली तर एक तृतीयांश आणि अर्ध्या खवलेल्या वाट्या बाजूला तयार असू द्या. नटीला विळीवर बसायची सवय नसेल तर आठवडाभर आधी रोज दोन नारळ खवायला लावा, आणि चित्रीकरणाच्या विळीचं पातं बोथट करून घ्या. बोट सांभाळण्याकडे लक्ष गेलं की संवाद गेला.

खवण्याचा आवाज संवादावर चढतो, आणि मग संकलनात कापता येत नाही. मास्टरमध्ये ती खरोखर खवू दे. मुलाच्या क्लोजअपला मात्र ती कॅमेऱ्याबाहेर बसून हात फिरवल्यासारखं करील आणि संवाद खरेच म्हणेल; खवण्याचा आवाज नंतर दोन मिनिटं सलग वेगळा मुद्रित करा.

हाच हात दिग्दर्शनाचं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. मुलाने विषय काढला तरी तिचा हात थांबत नाही, कारण तिला विषय निघालाच नाही असं दाखवायचंय. तो हिशेब मांडतो, हात चालूच. तो किंमत बोलतो. हात थांबतो. मग पुन्हा चालू होतो, आधीपेक्षा भरभर, आणि ती म्हणते, "आदी जेव. मगे बघू." इथे नटीला चेहऱ्याने काहीच करायची गरज नाही. हात नेमका कुठल्या शब्दावर थांबतो ते एकदा ठरवा आणि कंटिन्युइटीच्या वहीत तो शब्द अधोरेखित करा, नाहीतर मास्टरमध्ये हात थांबलेला आणि क्लोजअपमध्ये चालू, असा घोटाळा होतो.

भरती, ऊन, वारा

पुळणीवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचा प्रसंग असेल तर कॉल शीट (दिवसाच्या कामाचं वेळापत्रक) पंचांग बघूनच करा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. हा अंदाज आहे. पक्की वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्या आणि त्याच बंदरावरच्या खलाशाला विचारून ताडून बघा. यावरून एक निर्णय सोपा होतो. सूर्यास्ताच्या प्रसंगात ओली, चकाकणारी, लांबच लांब वाळू हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या, कारण तेव्हा उधाणाची ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तळाला असते. अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर आलेलं असतं.

पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. सहा तासांपैकी पहिल्या आणि शेवटच्या तासात प्रत्येकी एकूण फरकाचा सुमारे बारावा भागच हलतो. मधल्या दोन तासांत निम्मा. म्हणून दोन नटांचा लांब संवाद तळाच्या एक तास आधी ते एक तास नंतर, या दोन तासांत बसवा. मधल्या तासांत घेतलात तर मास्टरमध्ये लाट वीस पावलं लांब आणि क्लोजअपमध्ये पायाशी. पावलांचे ठसेही लक्षात घ्या: पाच टेक झाले की वाळू तुडवलेली दिसते, म्हणून प्रत्येक टेकला समुद्राला समांतर थोडं सरकत जा. पाण्यात शिरायचं असेल तर कपड्यांचे किमान तीन जोड हवेत.

इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. सोनेरी ऊन म्हणतात ते जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतं. त्यात भावनेचा भारी प्रसंग लावू नका. दोन-तीन टेक मिळतील आणि सगळं युनिट "लवकर, लवकर" ओरडत असताना नट आतून बंद होतो. त्या उजेडात चालणं, थांबणं, वळून बघणं एवढंच घ्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य ऐन डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नटाचे डोळेच दिसत नाहीत. अकरा ते तीन माजघरात किंवा पडवीत काम करा.

ध्वनीसाठी सकाळ उत्तम. पहाटेची मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, सरली की दुपारकडे समुद्रावरून येणारा खारा वारा वाढत जातो. शर्टाच्या आत लावलेला माइक सुती कापडाखाली बरा, नायलॉन खसखसतं.

टेकच्या मधली दोन मिनिटं

'कट' म्हटल्यावर आधी नटाकडे जा, मॉनिटरकडे नंतर. तुम्ही काही न बोलता पडद्यात डोकं घातलंत की नट त्याचा अर्थ 'वाईट झालं' असाच लावतो. सूचना जवळ जाऊन, हळू आवाजात, एका वेळी एकच. तीन सूचना दिल्या तर तो आठवत बसतो आणि समोरच्याचं ऐकणं सोडतो. सूचना क्रियापदात द्या: "या वेळी त्याला तुझ्याकडे बघायला भाग पाड." ओळ स्वतः म्हणून दाखवू नका, मग तुमची नक्कल मिळते. कारण नसताना "छान, अजून एक" म्हणू नका. फोकस चुकला असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे नट आपलं काम बदलत बसत नाही. कॅमेरामन, लेखक, निर्माता यांनी नटाला थेट सूचना द्यायच्या नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका.

"माझं पात्र असं करणार नाही," असं नट म्हणाला तर वाद घालू नका. नेमकी कुठली ओळ खटकते ते विचारा. बहुतेक वेळा एखादाच शब्द असतो. तरी पटलं नाही तर एक टेक त्याच्या पद्धतीने, एक तुमच्या. भांडणात वीस मिनिटं जातात, त्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

क्लोजअप कुणाचा आधी? ज्याला फुटायचं आहे त्याचा. आमच्या प्रसंगात आईचा, शक्यतो मास्टरच्याही आधी, कारण पाचव्या टेकपर्यंत तो ताजेपणा उरत नाही. गावचं नवखं माणूस आणि सराईत नट समोरासमोर असतील तर आधी नवख्याचा. सराईताला आठव्या टेकलाही जमतं. आणि कॅमेऱ्याबाहेरचे संवाद समोरच्या नटानेच द्यायचे, लेन्सच्या अगदी शेजारी बसून. सहायकाने सपाट वाचलेल्या ओळीवर कुणाच्याही डोळ्यांत काही येत नाही. यासाठी मुंबईच्या नटाची परतीची गाडी एक दिवस पुढे ढकलावी लागली तरी ढकला.

प्रसंग संपला की कुणीही हलायच्या आत त्या जागेची शांतता एक मिनिट मुद्रित करा. नंतर स्थानिक कलाकारांना तिथेच बसवून, कॅमेरा बंद ठेवून, त्यांचे सगळे संवाद दोनदा नुसते आवाजात घ्या. डबिंगसाठी त्यांना महिन्याने मुंबईच्या स्टुडिओत नेलं तर काचेमागे एकटं उभं राहून तो हेल परत लागत नाही, आणि तोवर नाटकांचा हंगाम असेल तर ते यायचेही नाहीत. हे मुद्रण मेकअप उतरवायच्या आधी, विळी आणि पाट जागेवर असतानाच उरका.